कुंडीतली क्लेची भूछत्रं

पुण्यातल्या मोठ्या नर्सरींमध्ये हल्ली रोपांच्या शेजारी कुंडीत खोचायची रेझिनची भूछत्रं मांडलेली दिसतात. लाल टोपी, तिच्यावर पांढरे ठिपके, जाडजूड देठ. सगळी एका साच्यातून निघालेली. हाताने काही करायची आवड असेल तर ही विकत घेऊ नका, घरी करा. पॉलिमर क्लेची एक वडी, तारेचा तुकडा, टूथपिक आणि तापमान नेमकं राखता येईल असा ओव्हन, एवढ्यावर काम भागतं. मातीत छोटी चित्रं मांडायची हौस पुण्याला नवी नाहीच. दिवाळीत कुंभारवाड्यातून मावळे, तोफा, सिंहासनावरचे महाराज आणायचे, अंगणातल्या किल्ल्यावर अळीव-मोहरी पेरून हिरवळ उगवायची, हे इथल्या मुलांच्या पिढ्यान्‌पिढ्या अंगवळणी पडलेलं आहे. कुंडी ही त्याच हौसेची बारमाही जागा. फरक एकच. किल्ला तुळशीच्या लग्नापर्यंत टिकला तरी पुष्कळ. कुंडीतल्या भूछत्राला मात्र वर्षानुवर्षं ओल्या मातीत उभं राहायचं असतं, पाणी अंगावर घ्यायचं असतं. क्ले कोणती घ्यायची, तार कोणती वापरायची, किती वेळ भाजायचं, या सगळ्याची उत्तरं या एका गोष्टीवरून ठरतात.

क्ले कोणती?

अप्पा बळवंत चौकातल्या किंवा रविवार पेठेतल्या दुकानात नुसतं ‘क्ले द्या’ म्हणालात तर समोर तीन-चार वेगवेगळ्या वस्तू येऊ शकतात. मुलांची रंगीत, हलकी फोम क्ले, हवेवर वाळणारी पांढरी एअर-ड्राय क्ले, दोन गोळे एकत्र मळून घट्ट होणारं मोल्डइट किंवा एम-सील, आणि भाजावी लागणारी पॉलिमर क्ले. पाकिटं दिसायला सारखीच असतात, म्हणून ‘ओव्हनमध्ये भाजायची’ असं स्पष्ट सांगून मागा आणि पाकिटावर तापमान छापलेलं आहे का ते पाहा. तापमान छापलेलं नसेल तर ती क्ले आपल्या कामाची नाही.

हवेवर वाळणारी क्ले कुंडीसाठी मुळीच घेऊ नये. तिच्यातलं पाणी उडून गेलं की ती कडक होते, आणि पुन्हा पाणी मिळालं की मऊ पडते. घरी कॉर्नफ्लॉवर आणि फेविकॉल शिजवून केलेल्या मिश्रणाचंही तेच. त्याची फुलं, कानातली सुरेख होतात, पण ओल्या कोकोपीटमध्ये त्याचा देठ फुगतो, बुरशी धरतो आणि एक दिवस टोपी आडवी झालेली दिसते. वरून व्हार्निशचे हात दिले तर हे सगळं फक्त थोडं उशिरा होतं. शाडूची तर गोष्टच सोडा. पाण्यात विरघळणं हाच तिचा गुण.

पॉलिमर क्ले ही नावापुरतीच क्ले. पीव्हीसीचे अतिशय बारीक कण, ते मऊ ठेवणारं प्लास्टिसायझर नावाचं तेलकट द्रव्य आणि रंग, अशी तिची घडण असते. तिच्यात पाणी नसतं, त्यामुळे ती उघड्यावर वाळत नाही, आणि भाजल्यावर आकसतही नाही म्हटलं तरी चालेल. ठरावीक उष्णता मिळाली की कण एकमेकांत मिसळून एकसंध होतात आणि मग पाण्याने तिचं काही बिघडत नाही. या क्लेचा पहिला प्रसिद्ध ब्रँड, फिमो, हा जर्मनीतल्या बाहुल्या करणाऱ्या केटे क्रूझे यांच्या घरातून आला. त्यांच्या मुलीला घरी फिफी म्हणत; त्यातला ‘फि’ आणि मोझाइकमधला ‘मो’ मिळून फिमो. १९६४ साली एबरहार्ड फाबर कंपनीने ही क्ले आपल्याकडे घेतली, आता ती स्टेडलर विकते. आपल्याकडे फिमो, स्कल्पी, सर्निट ही नावं दुकानांत आणि ऑनलाइन भेटतात. वडी साधारण ५६-५७ ग्रॅमची असते आणि तिच्यात बोटाएवढी आठ-दहा भूछत्रं होतात. वडी स्वस्त नसते, म्हणून एकदम बारा रंगांचा संच घेऊ नका. पांढरा, पारदर्शक, पिवळा आणि गडद तपकिरी, एवढ्यावर सुरुवात करा. पारदर्शक रंग मात्र सोडू नका. नुसत्या पांढऱ्या क्लेचं भूछत्र खडूचं वाटतं. पांढऱ्यात निम्मा पारदर्शक मिसळला आणि टूथपिकच्या टोकाएवढा तपकिरी घातला की टोपीला खऱ्या भूछत्राचा ओलसर मऊपणा येतो.

घरात ओव्हन नाही आणि घ्यायचाही नाही, अशांनी दोन गोळ्यांचं इपॉक्सी मिश्रण वापरावं. ते भाजावं लागत नाही आणि वाळल्यावर पाण्याला दाद देत नाही. हातात मोजे घालावे लागतात आणि मिश्रण लवकर घट्ट होत असल्याने नाजूक कामाला वेळ कमी मिळतो. तव्यावर, कुकरमध्ये किंवा गॅसच्या आचेवर पॉलिमर क्ले भाजायचे उद्योग करू नका. तापमान हाताबाहेर गेलं की काय होतं ते पुढे येईलच.

आधी खरं भूछत्र पाहा

लाल टोपीवर पांढरे ठिपके असलेलं भूछत्र थंड प्रदेशातल्या बर्च आणि पाइनच्या मुळांशी उगवतं. परदेशी परीकथांच्या चित्रांतून ते आपल्याकडे आलं आणि सजावटीच्या दुकानांत बसलं. ते करण्यात चूक काही नाही, पण पुण्यातल्या मनी प्लँटखाली ते उपरं दिसतं. आपल्या कुंड्यांत, टेकड्यांवर आणि रस्त्याकडेच्या झाडांवर इतक्या जातीची भूछत्रं उगवतात की नमुन्यांसाठी बाहेर बघायची गरज नाही.

सगळ्यांत जवळचा नमुना कुंडीतच असतो. पावसाळ्यात, कधी ऐन उन्हाळ्यातही, कोकोपीट आणि शेणखत घातलेल्या कुंडीत रात्रीतून लिंबाच्या रंगाची नाजूक भूछत्रं वर येतात. ल्युकोकॉप्रिनस बर्नबॉमी असं त्यांचं शास्त्रीय नाव. टोपी आधी अंड्याच्या आकाराची, मग घंटेच्या, मग पसरट होते आणि एक-दोन दिवसांत मान टाकते. टोपीवर पिवळी भुकटी असते, कडेला बारीक रेघा असतात, देठ खाली किंचित फुगीर असतो आणि त्यावर एक इवलंसं कडं असतं. मातीतला कुजका पाला-काडी हे त्याचं अन्न, त्यामुळे रोपाला त्याचा काही त्रास नाही. खायचं मात्र अजिबात नाही, ते विषारी आहे. क्लेमध्ये पहिलं भूछत्र करायचं तर हेच करावं असं मला वाटतं. एकच रंग, छोटा आकार, आणि कुंडीत ते शंभर टक्के खरं वाटतं.

दुसरा नमुना म्हणजे सायथस, पक्ष्याच्या घरट्याच्या घाटाची बुरशी. कुजक्या लाकडावर, लाकडाचा भुसा घातलेल्या मातीत ती दिसते. पाच-दहा मिलिमीटरचा पेला आणि त्यात बसलेली राखाडी, चपटी अंडी. पावसाचा थेंब पेल्यात पडला की ती अंडी बाहेर उडतात आणि बीजाणूंचा प्रसार होतो. क्लेमध्ये करायला इतकी सोपी की सात-आठ वर्षांचं मूलही करेल: तपकिरी गोळीत पेन्सिलीचं मागचं टोक दाबायचं, बाहेरून टूथब्रशने टोचायचं, आत चार राखाडी ठिपके बसवायचे.

रस्त्याने जाताना जुन्या गुलमोहराच्या बुंध्याकडे बघा. तिथे तांबूस तपकिरी, व्हार्निश दिल्यासारखा चमकणारा आणि पांढऱ्या कडेचा गॅनोडर्मा फळीवजा उगवलेला असतो. झाडासाठी ते चांगलं लक्षण नव्हे, पण कुंडीतल्या ओंडक्याला किंवा मॉस स्टिकला चिकटवायला त्याचा घाट उत्तम. वाळक्या फांद्यांवर करड्या-पांढऱ्या, केसाळ पंख्यांच्या रांगा दिसतील, ती शायझोफायलम. आणि घरबसल्या पाहायचं तर बाजारातून धिंगरीचं (ऑयस्टर मशरूमचं) पाकीट आणा. शिवाजीनगरच्या कृषी महाविद्यालयात अळिंबीवर बरंच काम चालतं, आणि पुण्याच्या आसपास धिंगरी पिकवणारे अनेक जण आहेत, त्यामुळे ती ताजी मिळते. टोपीखालचे पापुद्रे देठावर कसे उतरत जातात ते धिंगरीत फार छान दिसतं. पाहून झालं की भाजी करा.

जुलै-ऑगस्टमध्ये वेताळ टेकडीवर किंवा तळजाईला फिरायला गेलात तर फोनमध्ये तीन फोटो काढा: वरून, बाजूने आणि खालून. खालचा फोटो सगळे विसरतात, आणि भूछत्राची ओळख तर तिथेच असते. उपटू मात्र नका. खालची बाजू दिसत नसेल तर पर्समधला छोटा आरसा जमिनीवर धरा.

आता एक गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण ती कळली की तुमचं भूछत्र खोटं दिसणार नाही. टोपीखालचे पापुद्रे बरोबर उभे लोंबते असतील तरच त्यांच्यामधले बीजाणू अडथळ्याविना खाली पडतात. म्हणून खरं भूछत्र उतारावर उगवो की लाकडाच्या फटीतून आडवं बाहेर येवो, देठ वळवून घेतं आणि टोपी जमिनीला समांतर ठेवतं. हौशी कामात नेमकं उलटं होतं: देठ काठीसारखा सरळ आणि टोपी एका बाजूला कललेली. देठाला बाक द्या, टोपी सपाट राहू द्या. शिवाय एका झुबक्यात सगळ्या वयाची भूछत्रं असतात. एक अजून मिटलेलं, दोन अर्धवट उघडलेली, एकाच्या कडा वर वळून फाटलेल्या. सगळ्या टोप्या एकाच मापाच्या केल्या की झुबका साच्यातला वाटतो.

प्रत्यक्ष करताना

स्वयंपाकघरातलं पोळपाट-लाटणं, सुरी, किसणी यातलं काहीही या कामाला घेऊ नका. एकदा क्ले लागलेलं भांडं परत जेवणात वापरायचं नसतं. फरशीचा उरलेला गुळगुळीत तुकडा हा सर्वांत चांगला पाट. त्यावरच काम करा आणि तोच ओव्हनमध्ये ठेवा. लाटायला काचेची बाटली पुरते. पॉलिश केलेल्या टेबलावर कच्ची क्ले ठेवू नका, ती पॉलिश खाते.

वडीतून हवा तेवढा तुकडा कापून पाच-सात मिनिटं मळा. ताणला की तुटता कामा नये, लवला पाहिजे. पुण्याच्या एप्रिल-मेमध्ये अडचण उलटी येते: क्ले इतकी मऊ होते की बोटांचे ठसे जात नाहीत. अशा वेळी ती चपटी करून दोन कोऱ्या कागदांच्या मध्ये वजनाखाली ठेवा, जादा प्लास्टिसायझर कागद ओढून घेतो. काम करता करता मऊ पडली तर दहा मिनिटं फ्रिजमध्ये, बंद पिशवीत. उन्हात उभ्या केलेल्या गाडीत वडी विसरलात तर ती आतून अर्धवट भाजते आणि मग मळली जात नाही. हलक्या रंगांचं काम आधी करा, गडद नंतर. पांढरी क्ले कपड्याचा प्रत्येक धागा उचलते. तरी लागलाच तर कापसाचा बोळा आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून हळूच पुसा. बोटांचे ठसेही त्यानेच जातात.

तार अ‍ॅल्युमिनियमची किंवा तांब्याची घ्या. बोन्सायच्या फांद्या वळवायची दीड-दोन मिलिमीटरची अ‍ॅल्युमिनियमची तार नर्सरीत मिळते, ती यासाठी सर्वांत उत्तम. लोखंडी तार गंजते आणि गंजाचा डाग देठावर चढतो. बांबूची काडी किंवा टूथपिक आत घालायचा मोह आवरा, ओल्या मातीत ती काही महिन्यांत कुजते. क्ले धातूला चिकटत नाही, नुसती त्याभोवती बसते, म्हणून तारेच्या वरच्या टोकाला छोटा आकडा वळवून घ्या. तसं न केल्यास भाजल्यावर भूछत्र तारेवर गोल फिरत राहतं. मातीत जायला खाली निदान सहा-सात सेंटिमीटर तार मोकळी ठेवा.

पिवळ्या भूछत्रासाठी पिवळ्यात थोडा पारदर्शक मिसळून दीड सेंटिमीटरची गोळी करा. तळहातावर एका बाजूने फिरवून तिला थेंबाचा आकार द्या. आता रंगाच्या ब्रशचं मागचं गोल टोक तिच्या रुंद बाजूत दाबत, बोटांत गोळी हळूहळू फिरवत आतून पोकळ करा. कड शेवटी चिमटीत धरून पातळ करत न्या. जाड कडेचं भूछत्र बटणासारखं दिसतं, पातळ कडेचं जिवंत. पातळ म्हणजे किती? कडेकडून प्रकाश थोडा आरपार यावा इतकं. मग टोपी उलटी धरून सुईने मध्यापासून कडेपर्यंत रेघा ओढा. आधी चार रेघांनी चार भाग, मग प्रत्येक भागाचे दोन, पुन्हा दोन, असं केलं की अंतरं सारखी येतात. सुई दाबून खणू नका, हलकेच ओढा आणि दर थोड्या वेळाने पुसून घ्या. बाहेरच्या बाजूने कडेला तीन-चार मिलिमीटर लांबीच्या रेघा ओढल्या की टोपीला खरी सुरकुती येते. भुकटीसाठी किंचित गडद पिवळ्या क्लेचा छोटा गोळा फ्रिजमध्ये कडक करून ब्लेडने खरवडा आणि तो चुरा टोपीच्या शेंड्याकडे दाट, कडेकडे विरळ असा बोटाने टेकवा. या एका चुऱ्याने इतका फरक पडतो की तो वगळू नका.

देठासाठी पेन्सिलीएवढी जाड, चार सेंटिमीटर लांब वळी करा, खालचं टोक थोडं फुगीर ठेवा, तार मधोमध घाला आणि वळीवर पुन्हा हलका हात फिरवा म्हणजे आतली हवा निघून जाईल. हवा राहिली तर भाजताना फुगवटा येतो. वरून एक तृतीयांशावर दोऱ्याएवढं बारीक कडं गुंडाळा. देठाचं टोक आणि तारेचा आकडा टोपीच्या आत रुतवून आजूबाजूची क्ले सुईने ओढून जोड बुजवा, आणि मगच देठाला बाक द्या.

मोठ्या टोपीचं भूछत्र करायचं असेल तर आत अ‍ॅल्युमिनियम फॉइलचा घट्ट दाबलेला गोळा घाला आणि त्यावर चार-पाच मिलिमीटरचा थर चढवा. क्ले वाचते आणि जाडी सारखी राहिल्याने भाजणंही सारखं होतं. सगळ्या कामात उरलेले, रंग मिसळून मळकट झालेले तुकडे जपून ठेवा. आतल्या भरावासाठी तेच कामाला येतात. ठेवायला मात्र कडक पारदर्शक प्लास्टिकची डबी नको, क्ले तिला चिकटून ती वितळवते. तळाशी त्रिकोणात ५ आकडा असलेला डबा किंवा झिप लॉक पिशवी चालते.

भाजणं

सगळी मेहनत इथे तरते किंवा बुडते. कुंडीत मोडलेली बहुतेक भूछत्रं कमी भाजलेली असतात.

पाकिटावरचं तापमान पाळा. फिमोवर ११० अंश सेल्सिअस आणि ३० मिनिटं असतं, स्कल्पी प्रीमोवर १३० अंश आणि दर ६ मिलिमीटर जाडीला ३० मिनिटं. दोन कंपन्यांच्या क्ले एकाच भूछत्रात मिसळू नका, निदान पहिल्यांदा तरी नको. ओटीजीच्या, म्हणजे घरगुती छोट्या ओव्हनच्या, बटणावरचा आकडा आणि आतली खरी उष्णता यांत बराच फरक असू शकतो, आणि आतल्या काड्या तापतात तेव्हा त्यांच्याजवळचं तापमान एकदम चढतं. म्हणून आत ठेवायचा वेगळा ओव्हन थर्मामीटर घ्या. या सगळ्या साहित्यात पैसे एकाच गोष्टीवर घालायचे असतील तर ते यावर घाला. ओव्हन आधी तापवून स्थिर होऊ द्या, वस्तू मधल्या जाळीवर ठेवा आणि वरून फॉइलचा सैल तंबू करा, म्हणजे काडीची थेट आच लागत नाही. उभी भूछत्रं भाजायला जुन्या पणतीत कोरडी वाळू भरा आणि तारा तिच्यात खोचा. टोपी रुंद असेल तर तिच्याखाली फॉइलची गोल चुंबळ ठेवा. क्ले तापताना आधी थोडी मऊ पडते आणि कड लोंबू शकते.

वेळ थोडा जास्त झाला तर बिघडत नाही, उलट मजबुती वाढते. तापमान जास्त झालं तर मात्र आधी रंग करपतो आणि त्याहून वर गेलं तर पीव्हीसीचं विघटन होऊन हायड्रोजन क्लोराइडचा झोंबणारा वायू निघतो. म्हणून भाजताना खिडकी उघडी ठेवा, ओव्हन सोडून बाजारात जाऊ नका. क्ले काळी पडताना दिसली की बटण बंद करा, सगळी दारं-खिडक्या उघडा आणि मुलांना घेऊन खोलीबाहेर जा. ज्या ओटीजीत केक होतात त्यातच भाजायचं असेल तर वस्तू झाकणाच्या किंवा फॉइलने पूर्ण बंद केलेल्या ट्रेमध्ये ठेवा आणि नंतर ओव्हन आतून पुसून घ्या. वारंवार करायचं ठरलं तर छोटा ओटीजी वेगळा घेतलेला बरा.

मायक्रोवेव्हमध्ये क्ले भाजायची नाही. घरात कन्व्हेक्शन असलेला मायक्रोवेव्ह असेल तर फक्त कन्व्हेक्शनवर, तेही कंपनीच्या पुस्तिकेत धातू चालतो असं लिहिलेलं असेल तरच. शंका असली तर तार भाजण्याआधी काढून घ्या, भोक तसंच राहू द्या आणि भाजून झाल्यावर तार अराल्डाइटने बसवा. फेविक्विक लगेच धरतं, पण ते ठिसूळ असतं आणि ओलाव्यात हळूहळू सुटतं.

भूछत्रांबरोबर त्याच क्लेची तीन मिलिमीटर जाडीची एक पट्टीही भाजत जा. पूर्ण गार झाल्यावर ती वाकवून बघा. वाकली आणि परत आली तर भाजणं बरोबर; कडकन मोडली तर ओव्हन गार आहे किंवा वेळ कमी पडला. अशी कमी भाजलेली भूछत्रं टाकून देऊ नका, पुन्हा पूर्ण वेळ भाजा. गरम असताना क्ले रबरासारखी लवचीक लागते, त्यावरून ती कच्ची आहे असं समजू नका.

रंगाचा शेवटचा हात

भाजण्याआधीची आणि नंतरची अशी रंगाची दोन कामं असतात. आधी: सॉफ्ट पेस्टलचा खडू ब्लेडने खरवडून त्याची पूड कोरड्या ब्रशने टोपीच्या मध्यावर लावा, कडेकडे फिकट करत न्या. कच्च्या क्लेवर ती धरते आणि भाजल्यावर बसते. नंतर: तपकिरी अ‍ॅक्रिलिक रंग पाण्यात पातळ करून पापुद्र्यांमध्ये, सुरकुत्यांमध्ये सोडा आणि वरचा लगेच पुसून टाका. खोलगट जागी रंग राहतो आणि सुईने ओढलेली प्रत्येक रेघ उठून दिसते. मी यात हात राखूनच ठेवायला सांगेन. जास्त रंग लागला की भूछत्र रंगवलेलं वाटतं, उगवलेलं वाटत नाही.

नीट भाजलेल्या क्लेला पाण्यापासून वाचवायला व्हार्निश लागत नाही. गॅनोडर्माची चकाकी किंवा पावसात भिजलेल्या टोपीची ओल दाखवायची असेल तरच लावा, आणि तेही पाण्यावर आधारित. नेलपॉलिश आणि स्प्रेच्या डब्यातलं व्हार्निश टाळा. त्यातल्या द्रावकांमुळे क्लेचा पृष्ठभाग महिनोन्‌महिने चिकट राहतो.

ज्यांना पुढची पायरी हवी त्यांनी भीमाशंकरच्या जंगलातली चमकणारी बुरशी करून बघावी. पुणे जिल्ह्यातल्या या शेकरूंच्या अभयारण्यात पावसाळ्याच्या रात्री कुजक्या लाकडावर मायसीना जातीची बुरशी हिरवट प्रकाश देते. तो प्रकाश तिच्या पेशींमधल्या रासायनिक क्रियेचा असतो, कोणी उजेड दाखवायची गरज नसते. आपल्याला पारदर्शक क्लेमध्ये स्ट्रॉन्शियम अ‍ॅल्युमिनेटची चमकणारी पूड मिसळावी लागते आणि ती दिवसा उजेड पिते, रात्री परत देते. अंधाऱ्या कोपऱ्यातल्या कुंडीत म्हणूनच ती चमकणार नाही. खिडकीजवळच्या कुंडीत चमकेल. पूड मिसळताना तोंडाला मास्क लावा.

कुंडीत मांडताना

भूछत्र सावलीत, ओलाव्यात उगवतं. त्यामुळे फर्न, सिंगोनियम, पीस लिली, फिटोनिया, मनी प्लँट यांच्या कुंड्यांत ते जागच्या जागी वाटतं. कॅक्टसच्या किंवा अडेनियमच्या कुंडीत ते कितीही सुबक असलं तरी शोभत नाही. प्रमाणही पाहा: फिटोनियाच्या चिमुकल्या पानांशेजारी दोन सेंटिमीटरच्या वर जाऊ नका, मोठ्या मॉन्स्टेराखाली सहा-सात सेंटिमीटरचं उभं राहू शकतं. कुंडीभर पसरून लावण्यापेक्षा एका कडेला, बुंध्याच्या किंवा दगडाच्या आडोशाला झुबका करा आणि त्यातलं एखादं दोन बोटं दूर लावा.

पाणी घातल्यावर माती ओली असताना तार हळूच खोचा, मुळं लागली तर जागा बदला. पायथ्याशी शेवाळ हवं असेल तर पावसाळ्यात आपल्याच गच्चीच्या भिंतीवर उगवलेलं काढून लावा. घाटातल्या झाडांवरून ओरबाडून आणलेलं शेवाळ विकत घेऊ नका.

पुदिना, कोथिंबीर, गवती चहा, तुळस यांच्या कुंड्यांत ही भूछत्रं लावू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. ज्या मातीतलं आपण खातो तिच्यात प्लास्टिक खोचायचं कारण काय? घरात रांगतं मूल किंवा कुत्रं-मांजर असेल तर कुंडी त्यांच्या हाती-तोंडी लागणार नाही इतकी उंच ठेवा, आणि थोड्या मोठ्या मुलांना एकदा सांगून ठेवा की कुंडीत आपोआप उगवलेलं भूछत्र आणि आपण केलेलं, दोन्ही तोंडात घालायची नाहीत.

निगा फारशी नाही. बोअरवेलच्या पाण्याने देठावर पांढरे क्षार चढतात, ते साबणाच्या पाण्यात जुना टूथब्रश बुडवून निघतात. थेट उन्हात काही रंग, विशेषतः भडक गुलाबी आणि केशरी, हळूहळू उडतात; पश्चिमेकडच्या बाल्कनीत मातकट रंगांची भूछत्रं ठेवा. देठ मोडला तर अराल्डाइटने जोडून पुन्हा लावा.

राहिली शेवटची गोष्ट, आणि ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. पॉलिमर क्ले हे पीव्हीसी आहे, ते मातीत कुजत नाही. जितकी भूछत्रं खरोखर लावणार आहात तितकीच करा. उरलेले तुकडे आणि खराब झालेले नग ओल्या कचऱ्यात न टाकता सुक्या कचऱ्यात द्या. कुंडीतली माती बदलण्याआधी, ती गच्चीवरच्या कंपोस्टमध्ये जाण्याआधी, प्रत्येक भूछत्र तारेसकट मोजून बाहेर काढा.